अकरा लाल चौकोन

१६ ऑगस्ट २०१९, शुक्रवार. सकाळी यादी हातात पडली तेव्हा वरून तिसऱ्या ओळीत ती होती. नावापुढे ५ तारखेपासून १५ तारखेपर्यंत अकरा लाल चौकोन, मध्ये एकही हिरवा नाही. शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं: "अनियमित. फोन बंद. समज द्यावी."

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका नागरी आरोग्य केंद्रात मी तेव्हा टीबीच्या रुग्णांची समुपदेशक म्हणून काम करत होते. समज द्यायचं काम माझ्याकडे यायचं. केंद्राचं नाव देत नाही, रुग्णाचंही नाही. तिला सगळे ताई म्हणायचे, इथेही तसंच म्हणते.

ताई जालना जिल्ह्यातली. वय सव्वीस. नवरा वाशीच्या भाजी मार्केटात रात्रपाळीला गाड्या खाली करायचा. माथाडीचं कार्ड नाही, जे हाती पडेल ते. ती स्वतः दाणाबंदरात धान्य निवडायला जायची. चार वर्षांची एक मुलगी. पत्र्याची दहा बाय दहाची खोली, भाड्याची. दोन महिने खोकला, संध्याकाळी कसकस, वजन ४३ वरून ३८. त्या दोन महिन्यांत वस्तीतल्या दवाखान्यातून खोकल्याची तीन औषधं पिऊन झाली होती. आमच्या आशाताईंनी तिला बेडका तपासायला आणलं. सीबीनॅट या यंत्रावरच्या तपासणीचा रिपोर्ट आला: टीबी आहे, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा, म्हणजे साध्या औषधांनी बरा होणारा. ८ जुलैला गोळ्या सुरू झाल्या. वजनाच्या हिशेबाने रोज तीन. पहिले ५६ दिवस चार औषधांची गोळी, मग ११२ दिवस तीन औषधांची. एकूण १६८ दिवस.

आता चौकोनांची गोष्ट. टीबीच्या औषधांची अडचण अशी की महिनाभरात रुग्णाला बरं वाटायला लागतं आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. म्हणून पूर्वीच्या डॉट्समध्ये रुग्णाने आठवड्यातून तीनदा केंद्रावर यायचं आणि कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायच्या, अशी रीत होती. रोजंदारीवरच्या माणसाचा त्यात तीन सकाळींचा खाडा व्हायचा. २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्यांची पद्धत आली. रोज कुणाला समोर बसवून गोळ्या देणार? तिथे मोबाईल कामाला आला. त्या पद्धतीचं नाव नाइन्टीनाइन डॉट्स. गोळ्यांच्या पट्टीभोवती पुठ्ठ्याचं पाकीट असतं. गोळी दाबून बाहेर काढली की मागचा कागद फाटतो आणि आत दडलेला एक टोल-फ्री नंबर दिसतो. रुग्णाने नोंदवलेल्या फोनवरून त्या नंबरवर मिस कॉल द्यायचा. पुढचा नंबर कोणता निघेल हे आधी कळत नाही, म्हणजे पाकीट फोडल्याशिवाय कॉल देता येत नाही. कॉल आला की आमच्या पडद्यावर त्या तारखेचा चौकोन हिरवा, नाही आला की लाल. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, पैसे नकोत. साधेपणात ही कल्पना मला आजही फार आवडते, आणि पुढे जे लिहिणार आहे त्याने ती आवड कमी झालेली नाही.

पहिल्या महिन्याचे अठ्ठावीसही चौकोन हिरवे होते. ताई आमची आदर्श रुग्ण! आणि मग एकाएकी अकरा लाल.

मी आशाताईंना घेऊन दुपारी तीनच्या सुमाराला वस्तीत गेले. पाऊस नुकता थांबला होता, गटारावरच्या फरश्या घसरत होत्या. ताई कामावरून येऊन भाकरी थापत होती. मी विचारायच्या आतच म्हणाली, "मॅडम, तुमचा फोन आला म्हणून ह्यांनी मला लई बोलून घेतलं. म्हणले, सरकारच्या गोळ्या फेकून देतीस व्हय?"

म्हणजे समज देऊन झाली होती. आमच्या केंद्रातून दोन दिवसांपूर्वी कुणीतरी नवऱ्याच्या दुसऱ्या कुठल्याशा जोडीदाराच्या फोनवर निरोप दिला होता. तो जोडीदार, त्याचे चार सोबती, मग नवरा, मग ती, अशी ती समज चार तोंडांतून घरी पोचली. वाटेत "टीबी" हा शब्द सांडला तो वेगळाच. मार्केटात त्याच्या बाटलीतलं पाणी प्यायला त्या दिवसापासून कुणी तयार होईना. हे त्याने मला महिनाभराने सांगितलं.

ताईने मांडणीवरून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. त्यात पाकिटं. मी खाली बसून मोजायला घेतलं. दुसऱ्या महिन्याच्या ८४ गोळ्या तिने ३ ऑगस्टला नेल्या होत्या आणि ५ पासून सुरू करायच्या होत्या. १६ च्या सकाळपर्यंत बारा दिवसांच्या ३६ जायला हव्या होत्या, ४८ उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या ५१. दोनदा मोजल्या, आशाताईंकडूनही मोजून घेतल्या. तीन जास्त, म्हणजे एकाच दिवसाचा डोस चुकला होता.

"कोणता दिवस गं?"

ती लाजली. ५ ऑगस्टला श्रावणी सोमवार आणि नागपंचमी एकत्र आली होती. कडक उपास. गोळी पोटात गेली की उपास मोडतो असं तिला वाटलं. अकरा लाल चौकोनांतला पहिला खरा होता आणि उरलेले दहा खोटे.

तिने भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या तारखेला पेन्सिलची उभी रेघ. ५ तारखेला रेघ नव्हती. "आणि लघवी अजून लालच होती की," ती म्हणाली. रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे तिला सुरुवातीला कुणी सांगितलं नव्हतं, रक्त जातंय समजून तिने पहिले तीन दिवस रडून काढले होते. आता तिने त्याचाच पुरावा केला होता.

मग कॉल का नाहीत? याचं उत्तर मला नवऱ्याकडून मिळालं, तो जागा झाल्यावर.

घरात फोन एकच, त्याचा. तो रात्री अकराला फोन घेऊन मार्केटात जायचा आणि सकाळी दहाला परतायचा. ताई साडेसहाला उपाशीपोटी गोळ्या घेऊन, मुलीला शेजारी सोडून आठला निघायची. म्हणजे गोळ्यांच्या वेळी फोन घरात कधीच नसायचा. फोडलेलं पाकीट ती मांडणीवर ठेवून जायची. तो आला की पाकीट बघून नंबर फिरवायचा, मग झोपायचा. पहिल्या महिन्याचे अठ्ठावीस हिरवे चौकोन त्याचे होते. त्याने तिला एकदाही गोळी घेताना पाहिलं नव्हतं, आम्हीही नव्हतं, आणि तरी आम्ही तिला आदर्श रुग्ण ठरवून मोकळे झालो होतो.

८ जुलैला उपचार सुरू झाले तेव्हा त्याने मुद्दाम फोनमध्ये ३५ रुपयांचा रिचार्ज मारला होता. २०१८ सरताना मोबाईल कंपन्यांनी सिम चालू ठेवायला हा किमान रिचार्ज लावला, मुदत २८ दिवस. गोळ्यांचा महिनाही २८ दिवसांचा. ४ ऑगस्टला दोन्ही एकदम संपले. गोळ्या केंद्रातून फुकट मिळाल्या, रिचार्जला ३५ रुपये लागत होते. नेमका तोच आठवडा कोल्हापूर-सांगलीच्या महापुराचा. हायवे बंद, तिकडून भाजीच्या गाड्या नाहीत, मार्केटात हमालीला काम नाही. आउटगोइंग बंद झालं तसा टोल-फ्री नंबरही लागेना. "फुकटचा नंबर आहे म्हणतात आणि लागत तर नाय," तो म्हणाला. पुढे बॅटरीही गेली, फोन दुकानात पडला. सांगलीत पूर आला आणि नवी मुंबईतल्या एका बाईच्या नावापुढे लाल चौकोन उमटत गेले. आम्ही ते "अनियमित" असे वाचले.

इथे थोडं थांबून आकडा सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, स्वतः वापरतात असा मोबाईल असलेल्या बायका देशात साधारण ५४ टक्के निघाल्या. बहुतेक घरांत फोन असतो हे खरं, पण घरातला फोन आणि बाईचा फोन यांत आठ-दहा तासांचं अंतर असतं, ते नोंदवहीतल्या "मोबाईल क्रमांक" या रकान्यात मावत नाही. गरोदर बायकांसाठी केंद्र सरकारची किलकारी सेवा आहे. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ आवाजी निरोप येतात. ताईच्याच गल्लीतल्या एका गरोदर बाईचे ते निरोप तिचा नवरा रिक्षा चालवता चालवता ऐकायचा. लोहाच्या गोळ्यांबद्दल तो तिच्यापेक्षा जास्त जाणकार झाला होता!

तर उपाय काय करायचा? टीबी रुग्णांच्या नोंदींच्या सरकारी निक्षय पोर्टलवर एका रुग्णाच्या नावे एकाहून जास्त नंबर टाकता येतात. मी सहज म्हटलं, शेजारच्या काकूंचा नंबर टाकू, सकाळी त्यांच्याकडून मिस कॉल दे. ताईने पोळपाट बाजूला ठेवला. "नको मॅडम. आज चांगल्या हायेत. उद्या नळावर भांडण झालं की पहिलं हेच काढतील." मला हे सुचायला हवं होतं. आशाताई म्हणाल्या, माझा नंबर टाका. पण आशाताईंच्या फोनवरून कॉल जायला लागले की तो रुग्णाचा कॉल राहतच नाही. अशा सोयी मी इतरत्र पाहिल्यात. महिनाअखेरीस सगळे चौकोन हिरवेगार आणि पाकिटं भरलेली.

शेवटी महिनाभर फोनचा नाद सोडला. आशाताई दर शुक्रवारी जाऊन पाकिटं मोजायच्या आणि पोर्टलवर हाताने नोंद करायच्या. जुनीच पद्धत. चुकलेला एक डोस शेवटी जोडला, त्यामुळे पहिला टप्पा १ सप्टेंबरऐवजी २ ला संपला, गणपती बसले त्या दिवशी. ३ तारखेला बेडका तपासला, जंतू नव्हते. वजन ४०.

फोनचा प्रश्न ताईनेच सोडवला. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत तेव्हा महिन्याला ५०० रुपये थेट खात्यात मिळायचे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झालेत. तिचे दोन महिन्यांचे १,००० सप्टेंबरात जमा झाले. जमा झाल्याचा एसएमएस अर्थातच नवऱ्याच्या फोनवर. गणपती गेल्यावर तिने त्याच्याकडून पैसे मागून घेतले आणि बटणांचा एक जुना फोन विकत घेतला, ५५० रुपयांचा. पाठीमागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. आमच्याकडे यावर चर्चा झाली. पैसे अंडी, डाळ, शेंगदाण्यासाठी आहेत, फोनसाठी नाहीत, असं एकाचं म्हणणं. नियम तोच सांगतो. मी काही बोलले नाही. मला विचाराल तर तिने त्या पैशांतून सहा महिन्यांत घेतलेली सगळ्यात पौष्टिक वस्तू तीच होती.

२० सप्टेंबरपासून तिच्या नावापुढे तिचेच चौकोन उमटायला लागले. सकाळी साडेसहा, सहा पस्तीस, साडेसहा. वेळही पडद्यावर दिसते. जुलैत हीच वेळ दहा, सव्वादहा होती. ती तेव्हाच कुणी नीट पाहिली असती तर कोण कॉल करतंय याचा सुगावा लागला असता. आम्ही रंग पाहत होतो, घड्याळ कुणी पाहिलंच नाही.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

दिवाळीला ताई गावी गेली. जास्तीचं पाकीट बरोबर दिलं होतं. २४ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर, अकराही दिवस हिरवे. सोमवारी, ४ तारखेला, ती केंद्रात आली. वजन केलं, पर्यवेक्षकांनी "शाबास" म्हटलं. ती जायला उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. पदराची गाठ सोडून माझ्या टेबलावर ठेवली. बारा गोळ्या.

भाऊबीजेच्या आदल्या दिवसापासून तिला गोळी घेतली की उलटी व्हायची. घरात पाहुणे, नणंदा, पंगती. सकाळी ओकाऱ्या काढणाऱ्या सुनेकडे बघून बायका काय अर्थ काढतील हे तिला ठाऊक होतं, आणि खरं कारण सासरी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून चार दिवस तिने गोळ्या दाबून बाहेर काढल्या, नंबरावर मिस कॉल दिला आणि गोळ्या पदरात बांधल्या. "कॉल न्हाई गेला तर तुमचा फोन येईल. आन् फोन आला तर समद्यांला कळंल."

मी बराच वेळ त्या गोळ्यांकडे बघत राहिले. ऑगस्टात तिने गोळ्या घेतल्या होत्या आणि पडदा म्हणाला होता, घेतल्या नाहीत. ऑक्टोबरात घेतल्या नव्हत्या आणि पडदा म्हणाला, घेतल्या. या दोन्हींमध्ये दोष यंत्राचा नव्हता. नंबर दिसला, कॉल आला, इतकंच यंत्र सांगत होतं. मुंबई-चेन्नईकडे रुग्णांच्या लघवीत औषधाचा अंश तपासून या मिस कॉलच्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हाही दोहोंचा मेळ पुरेसा बसला नव्हता. हे मी पुढे वाचलं. पण वाचलेलं आणि टेबलावरच्या बारा गोळ्या यांत फरक आहे. आणि दुसऱ्या वेळची थाप आम्हीच शिकवली होती. ऑगस्टातल्या त्या एका "समज"ने तिला कळलं होतं की लाल चौकोन उमटला की बोभाटा होतो.

डॉक्टरांनी तिला तपासलं, कावीळ नाही ना ते पाहिलं, यकृताची रक्ततपासणी केली. रिपोर्ट ठीक. गोळ्या उपाशीपोटीच घ्यायचा हट्ट सोडून थोडं खाऊन घ्यायला सांगितल्या. अर्धी भाकरी आणि मग गोळ्या. तीन दिवसांत उलट्या थांबल्या. चार चुकलेले डोस शेवटी जोडले.

आम्ही आमच्यापुरता एक बदल केला, आणि त्याचं मूळ पार केनियात आहे. तिथे एचआयव्हीच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा मोबाईलवर एकच शब्द पाठवायचे: "मांबो?" म्हणजे, कसं काय? रुग्णाने "सावा", ठीक आहे, किंवा "शिदा", अडचण आहे, असं कळवायचं. "शिदा" आलं की नर्स फोन करायची. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले: असे संदेश मिळणाऱ्या रुग्णांनी औषधं जास्त नेमाने घेतली. त्या संदेशात औषध हा शब्दही नाही, एचआयव्ही तर नाहीच. नवऱ्याने वाचला, सासूने वाचला, मार्केटातल्या जोडीदाराने वाचला, तरी काही बिघडत नाही.

मग आम्ही ठरवलं की लाल चौकोन दिसला म्हणून फोनवर कुणीही काहीही विचारायचं नाही. सलग तीन लाल दिसले तर आशाताईंनी घरी जायचं, पाकिटं मोजायची, कारण ऐकायचं. आणि फोन करायचाच तर बुधवारी दुपारी, आणि विचारायचं फक्त, "ताई, बरी आहेस ना?" पहिल्या बुधवारी ती गोंधळली. दुसऱ्या बुधवारी म्हणाली, "बरी हाय. पण पायाला मुंग्या येतात." डॉक्टरांना सांगितलं, बी-सिक्सची गोळी सुरू झाली. टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिड या औषधाने मुंग्या येतात आणि त्यावर उपायही सोपा आहे. पण हिरव्या चौकोनातून मुंग्या कधी कळल्या असत्या?

हे सगळं करायला माणूस लागतो. फोनमुळे आशाताईंचं काम कमी होईल असं आम्हाला सुरुवातीला सांगितलं गेलं होतं. कमी झालं नाही. मात्र कोणाच्या दारात आधी जायचं ते कळायला लागलं. एका आशाताईंच्या वाट्याला शेकडो घरं, त्यात लसीकरण, बाळंतपण, सर्वेक्षणं. रोज सगळ्या टीबी रुग्णांकडे जाणं शक्य नव्हतंच. लाल चौकोनाचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ. यादीवरचा तो शेऱ्याचा रकाना तेवढा मी खोडायला लावला. "समज द्यावी"च्या जागी "भेट द्यावी".

एक गोष्ट राहिली. घरात टीबीचा रुग्ण असेल तर सहा वर्षांच्या आतल्या मुलाला, आजार नसला तरी, प्रतिबंधासाठी तेव्हा आयसोनियाझिड द्यायचे, सहा महिने, रोज. ताईच्या मुलीला ते सुरू होतं. त्या गोळ्यांना पुठ्ठ्याचं पाकीट नव्हतं, नंबर नव्हता, चौकोन नव्हता. त्या घरातली एक रुग्ण आम्हाला रोज दिसत होती आणि दुसरी, चार वर्षांची, अजिबात नाही. तिची नोंद फक्त त्या कॅलेंडरवर होती. आईची उभी रेघ, तिच्याखाली मुलीची आडवी. डिसेंबरात मी ते कॅलेंडर मागून घेऊन पाहिलं. २८ ते ३१ ऑक्टोबर या चार तारखांना उभ्या रेघा नव्हत्या. आडव्या होत्या. गावी जाताना ताईने कॅलेंडर गुंडाळून बरोबर नेलं होतं. मिस कॉल देऊन तिने आम्हाला फसवलं, पण भिंतीवर खोटी रेघ ओढली नाही.

२७ डिसेंबरला शेवटचा डोस झाला. बेडक्यात जंतू नाहीत. वजन ४४.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, मार्केटातलं काम बंद झालं, वस्तीतली कितीतरी घरं गावाकडे गेली. उपचार संपल्यावरही रुग्णाची दर सहा महिन्यांनी चौकशी करायची असते. जून २०२० अखेर मी ताईच्या नंबरवर फोन लावला. लागेल अशी आशा नव्हती. पण लागला, आणि उचलला मुलीने.

"आई रानात गेलीय. फोन माझ्याजवळ ठिवलाय."

"आईला खोकला येतो का गं?"

"न्हाई."

"ताप?"

"न्हाई." मग जरा थांबून, रुसल्यासारखी, "मला पण इचारा ना. मी पण समद्या गोळ्या खाल्ल्या."